अडीच फुटांचा बोळ

मी मारकुटी होते. आज सत्तरीकडे झुकलेल्या, चष्मा शोधत घरभर फिरणाऱ्या मला बघून हे कुणाला खरं वाटत नाही. नातवंडं तर हसतातच. पण बोर्डिंगातल्या त्या दीड वर्षात मी दुसऱ्या मुलींचे केस मुठीमुठीने उपटले आहेत, एकीच्या दंडाचा चावा घेऊन रक्त काढलं आहे, आणि पितळी तांब्या कसा धरून फिरवला म्हणजे समोरचीच्या कोपराच्या हाडावर नेमका बसतो हे मला पाठ होतं. पुढे माझं सगळं आयुष्य शाळा, दवाखाने, वसतिगृहं यांचे नकाशे काढण्यात गेलं. बाई माणूस असून तुम्ही या धंद्यात कशा आलात, असं कुणी विचारलं की मी आजवर काहीतरी गुळमुळीत उत्तर देत आले. वडील गवंडी होते, लहानपणापासून आवड होती, वगैरे. ते खोटं नाही, पण खरं कारण ते नव्हे.

आमचं गाव पारनेर तालुक्यातलं, माळावरचं. दादा, म्हणजे माझे वडील, गवंडीकाम करायचे. घर दोनच खणांचं होतं, पण दादांनी ते स्वतः बांधलेलं. चुलीच्या वर त्यांनी झरोका ठेवला होता, त्यामुळे धूर सरळ वर जायचा. आणि चूल अशी मांडली होती की भाकरी थापणाऱ्या आईला दारातून येणारं-जाणारं दिसत राहील. गावात बाकी सगळ्यांच्या चुली कोपऱ्यात, भिंतीला तोंड करून. दादा म्हणायचे, "दिसभर जी चुलीम्होरं बसती तिचं त्वांड भितीकडं करून ठिवायचं म्हंजी तिला शिक्षाच की." शेजारच्या बायका पीठ घेऊन आमच्याकडे भाकरी थापायला यायच्या. भाकरी कमी थापल्या जायच्या आणि गप्पा जास्त व्हायच्या. त्या घरात कुणी कुणावर हात उगारल्याचं मला आठवत नाही. दादा रागावले की जेवताना बोलायचे नाहीत, एवढीच त्यांची शिक्षा. म्हणजे मारामारी मी घरून शिकून गेले नव्हते, हे मला आधी सांगून टाकायचं आहे. कारण नंतर बोर्डिंगचे चेअरमन तसं म्हणाले होते.

मग पावसाने दोन वर्षं तोंड दाखवलं नाही. दुष्काळात घर कोण बांधणार? दादांची थापी आणि ओळंबा खुंटीला टांगले गेले आणि आई-दादा दोघं रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागले. माझी सातवी झालेली होती. नगरला मुलींचं बोर्डिंग आहे, दोन वेळा जेवायला घालतात आणि शाळेतही पाठवतात, असं कुणीतरी सांगितलं. शाळेचं आईला विशेष नव्हतं. "दोन येळा जेवाय घालत्यात का, खरंच?" एवढंच तिने तीन-तीनदा विचारून घेतलं आणि माझी वळकटी बांधली.

बोर्डिंग होतं एका कापसाच्या वखारीत. संस्थेकडे स्वतःची इमारत नव्हती, म्हणून जुनी वखार भाड्याने घेतलेली. दगडी भिंती, वर पत्रा, आणि पत्र्याखाली पुरुषभर उंचीवर छोटे छोटे गजांचे झरोके. त्यातून उजेड यायचा पण काही दिसायचं नाही. रस्त्यावरून टांगा गेला, फुगेवाला गेला, बँड वाजत गेला, तर आम्हाला ते फक्त ऐकू यायचं. लहान मुली एकमेकींच्या खांद्यावर चढून बघायचा प्रयत्न करायच्या आणि पडायच्या. दुपारी पत्रा तापला की तडतड वाजायचा. त्या आवाजाने डोकं इतकं भणभणायचं की शेजारी बसलेलीने नुसतं नाक ओढलं तरी तिला मारावंसं वाटायचं. जेवायला मायलोची लाल भाकरी. ती परदेशातून यायची म्हणे, जनावरांचा दाणा आहे असंही म्हणायचे. गार झाली की चपलेच्या तळासारखी व्हायची. तिच्यासोबत पिवळं पाणी, त्याला आमटी म्हणायचं. दुपारी मूठभर सुकडी. सुकडी गोड होती. तिच्यासाठी आम्ही रक्त काढायचो.

पण सगळ्यात वाईट होता तो बोळ. आम्ही साठ-बासष्ट मुली पुढच्या मोठ्या दालनात झोपायचो, जेवायचो, अभ्यास करायचो. मागच्या अंगणात पाण्याचा हौद, न्हाणी आणि दोन संडास. या दोहोंच्या मध्ये दहा-बारा पावलांचा एक बोळ. त्याच्या एका बाजूला वखारीची दगडी भिंत, दुसऱ्या बाजूला विटांची भिंत, आणि त्या भिंतीपलीकडे मालकाची कुलूपबंद खोली. बोळाला खिडकी नव्हती, दिवा नव्हता. मध्येच दगडाची एक पायरी खाली उतरायची, कारण मागची जमीन सखल होती. रुंदी अडीच फूट. हा आकडा मला तेव्हा माहीत नव्हता. तेव्हा मला एवढंच माहीत होतं की मी भरलेली बादली घेऊन येत असले आणि समोरून दुसरी आली, तर आमच्यापैकी एकीला मागे जावं लागणार. आणि मागे जाणारीला मागच्या सगळ्या शिव्या देणार, तिचं पाणी सांडणार, तिची जेवणाची रांग चुकणार.

पहिल्या महिन्यात मी मागे जात होते. दुसऱ्या महिन्यात एकीने माझ्या पायावर बादली आदळली, अंगठ्याचं नख काळं पडून गळून गेलं. त्यानंतर मी मागे गेले नाही. खांदा खाली घालून शिरायचं, डोळे मिटायचे, आणि जे मऊ लागेल त्याला कोपर मारायचं. मला ते जमायला लागलं, आणि खरं सांगते, आवडायलाही लागलं. बोळातून बाहेर पडल्यावर मागे कुणीतरी रडत असायचं आणि माझी बादली काठोकाठ भरलेली असायची. सहाव्या महिन्यापर्यंत मुली मला बघून आपोआप मागे सरायच्या.

बोळाच्या तोंडाशी मोठ्या बाई उभ्या असायच्या. त्या आमच्या रेक्टर. विधवा, कपाळ मोकळं, पांढरं पातळ, हातात लाकडी रूळ. त्यांची स्वतःची जागा म्हणजे दालनाचा एक कोपरा, जुन्या चादरीचा पडदा लावलेला. त्या मारायच्या, पण त्यात राग नसायचा. मेंढरं मोजावीत तसं बोळातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकीच्या पाठीवर, दंडावर रूळ पडायचा. "ओळीनं! ओळीनं या!" अडीच फुटांत येणाऱ्यांची आणि जाणाऱ्यांची ओळ कशी व्हावी हे त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांनाही माहीत नसावं.

माझ्यापुढे मागे न सरणारी एकच मुलगी होती, चंद्रभागा. जामखेडकडची, काटकुळी, माझ्याच वयाची. तिची पथारी माझ्या शेजारी होती. आम्ही मैत्रिणी नव्हतो. मैत्री करायला जी थोडी जागा लागते ती तिथे नव्हतीच. तिचा पाय झोपेत माझ्या अंगावर आला की मी लाथ मारायची, आणि ती झोपेतच उलट लाथ मारायची. पण शाळेच्या मैदानावर ती खो-खो खेळायला उतरली की मी सगळं विसरून बघत राहायची. ती पळायला लागली की कुणाच्या हाताला लागायची नाही. अंगाला हात टेकतोय असं वाटेपर्यंत थांबायची आणि मग नुसती कंबर वळवून निसटायची. त्या वर्षी जिल्ह्याच्या सामन्यांसाठी तिची निवड झालेली होती. मला तिचा हेवा वाटायचा आणि अभिमानही वाटायचा, दोन्ही एकदम. बोळात मात्र ती मला फक्त अडथळा होती.

तो रविवार होता. सकाळी टँकर आला नाही, तो भर दुपारी आला. हौद दोन दिवस कोरडा, साठ मुलींच्या तोंडाला कोरड, पत्रा तडतडतोय. तेवढ्यात जेवणाची घंटाही झाली. आधी पाणी भरून आल्याशिवाय कुणाला वाढायचं नाही, असं मोठ्या बाईंनी ओरडून सांगितलं. सगळ्या एकदम बोळाकडे सुटल्या. मी पुढच्या काहीजणींत होते, पण मधल्या पायरीपर्यंत पोचते तोच पलीकडून भरलेली बादली घेऊन चंद्रभागा आली. ती सगळ्यांच्या आधी कशी पोचली होती देव जाणे.

"सर," मी म्हणाले.

"तू सर. माझी भरल्याली हाय."

माझ्या मागे वीसेक मुली होत्या. त्या ढकलत होत्या, कुणाची तरी नखं माझ्या मानेत रुतली होती. हे खरं आहे. पण हेही खरं आहे की एक क्षण होता. त्या एका क्षणात मला तिचा चेहरा दिसला, घामाने निथळणारा, अजिबात न घाबरलेला. मी भिंतीला पाठ लावून पोट आत घेतलं असतं तर ती कदाचित निघून गेली असती. मी रिकामी बादली टाकली, दोन्ही तळवे तिच्या छातीवर ठेवले आणि अंगातली सगळी ताकद लावून ढकललं.

ती पायरीवर मागे पडली. एक पाय अंगाखाली दुमडलेला, वरून बादली. मग मी तिच्यावर पडले आणि माझ्यावर मागच्या सगळ्या. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मायलोची वाळलेली भाकरी मोडताना होतो ना, तसा. चंद्रभागा ओरडली ती मला माझ्या छातीत ऐकू आली, इतक्या आम्ही एकमेकींना चिकटलेल्या होतो. अंधार, पाणी, कुणाचा तरी गुडघा माझ्या तोंडावर, कुणी "आई, आई" म्हणतंय. आणि मागून, दालनाच्या बाजूने, मोठ्या बाई रूळ चालवत होत्या. आत काय झालंय ते त्यांना दिसत नव्हतं. मुली अडल्यात एवढंच दिसत होतं, म्हणून त्या मारत होत्या. प्रत्येक रुळासरशी मागच्या मुली पुढे उसळत होत्या आणि आमच्यावरचं ओझं वाढत होतं. मी कशी बाहेर आले आठवत नाही. अंगांवरून, डोक्यांवरून सरपटत आले. बाईंचा हात वर जाताना दिसला. मी तो पकडला आणि मनगटात दात रोवले. रूळ पडेपर्यंत सोडला नाही.

चंद्रभागेला चौघींनी चादरीत घालून टांग्यापर्यंत नेलं. तिचा पाय गुडघ्याखाली नको तिकडे वळलेला होता. एका लहान मुलीचे पुढचे दोन दात गेले, आणखी एकीचा हात निखळला. मला एकटीला कोळशाच्या खोलीत कोंडलं आणि दादांना निरोप गेला.

दादा तिसऱ्या दिवशी सकाळी आले. तळहात खडीने फाटलेले, चिंध्या गुंडाळलेल्या. ऑफिसात खुर्चीवर चेअरमन होते, हाताला पट्टी बांधलेल्या मोठ्या बाई भिंतीशी उभ्या होत्या. मला कोपऱ्यात उभं केलं होतं.

"तुमच्या मुलीनं एकीचा पाय मोडला, रेक्टरबाईंचा हात फोडला," चेअरमन म्हणाले. "मुलगी आहे का गुंड? घरी हेच बघत असेल. घेऊन जा तिला."

दादांनी माझ्याकडे बघितलं नाही. "घिऊन जातो," ते म्हणाले. "पर आदी मला जागा दावा."

"कसली जागा?"

"ती पोर पडली ती."

चेअरमन नाइलाजाने उठले. बोळाच्या तोंडाशी येऊन थांबले, आत गेले नाहीत. दादांना आत शिरताना अंग तिरकं करावं लागलं. त्यांनी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत वीत लावत नेली, पायरीवर बसून तिच्या कडेवरून बोट फिरवलं. मग मला आत बोलावलं.

"सुमे, दोघी भरल्या बादल्या घिऊन समोरासमोर आल्या, तर कशा जाता?"

"जी जोरात ढकलंल ती जाती," मी म्हणाले. मला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं. सूर्य कुठे उगवतो असं विचारल्यासारखंच होतं ते. पण दादांनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. अंधारात त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता.

ते बाहेर आले. "सायब, अडीच फूट हाय ह्यो. बैलाला सुदीक आमी गोठ्यात यापरिस जास्त जागा ठिवतो."

"अहो, जागा भाड्याची आहे. मालक एक खिळा ठोकू देत नाही. आणि बाकीच्या मुली जातातच की यातून."

"कशा जात्यात ते इचारलं का कंदी?"

चेअरमन चिडले. तुम्ही मला शिकवू नका, मुलीला घ्या आणि चालू लागा, असं म्हणाले. दादा विटांच्या भिंतीवर बुक्की मारत, कान लावत पुढे सरकत होते. "ही भित मागून घातल्याली हाय," ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले. "छपराचं वजन हिच्यावर न्हाई. पलीकडं खोली मोकळी हाय, आवाज घुमतोय." मग ते अंगणात गेले, हौदापाशी पहार पडली होती ती उचलून आणली.

"भिंतीला हात लावलात तर पोलिसात देईन!"

"बलवा," दादा म्हणाले आणि पहिला घाव घातला.

मी दादांना तसं कधी पाहिलं नव्हतं. नंतरही कधी पाहिलं नाही. एरवी वीट उचलताना ते अंडं उचलल्यासारखी उचलायचे. त्या दिवशी ते पहार अशी घालत होते की प्रत्येक घावाला त्यांच्या तोंडून हुंकार निघत होता, चिंध्यांतून रक्त पहारीवर ओघळत होतं. चेअरमनांनी रखवालदाराला हाक मारली. किसन त्याचं नाव, दांडगा माणूस. त्याची पहिली काठी दादांच्या खांद्यावर बसली, दुसरी कानावर. कान फाटला. दादांनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. मी किसनच्या पाठीवर उडी मारली, त्याने मला झटकून दगडी भिंतीवर आपटलं. तिसऱ्यांदा काठी वर गेली तेव्हा ती पट्टी बांधलेल्या एका हाताने मधेच धरली.

"किसनराव, काठी खाली ठेवा," मोठ्या बाई म्हणाल्या. मग त्या चेअरमनांकडे वळल्या. "सहा वर्षं मी इथे रूळ घेऊन उभी राहते आहे. मी मारते म्हणून या एकमेकींना जिवे मारत नाहीत, अशी मी स्वतःची समजूत घालत आले. परवा माझ्याच रुळामुळे त्या पोरी पुढे रेटल्या गेल्या. पाडू द्या त्यांना ती भिंत. पोलिसांना मी सांगीन काय सांगायचं ते."

दालनात इतका वेळ गप्प उभ्या असलेल्या मुली तेव्हा हलल्या. कुणी वरवंटा आणला, कुणी उखळातलं मुसळ, कुणी नुसत्या हातांनी भिंतीला भिडल्या. इतक्या महिन्यांचा सगळा राग त्या विटांवर निघायला लागला. काहीजणी मारता मारता रडत होत्या, एक किंचाळत होती. तेव्हा मात्र दादा ओरडले, "थांबा! मागं व्हा समद्या! भित वरनं खाली काढायची असती, मधी भगदाड पाडलं तर अंगावर यील." त्यांनी आम्हाला ओळीत उभं केलं आणि वरून एकेक वीट सुटी करून हातोहात द्यायला लावली. संध्याकाळपर्यंत आम्ही त्या ओळीत उभ्या होतो. कुणी कुणाला कोपर मारलं नाही.

दादांना पोलिसांनी नेलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सोडलं. मोठ्या बाई सकाळपासून चौकीच्या बाकावर जाऊन बसल्या होत्या. मालक येऊन बराच आरडाओरडा करून गेला, चेअरमनांनी त्याला कसं समजावलं ते मला माहीत नाही. पण पाडलेली भिंत कुणी परत उभी केली नाही, आणि बोर्डिंगातून माझं नावही कमी केलं नाही. दादा आठ दिवस राहिले. राडारोडा उचलल्यावर त्यांनी आम्हा सगळ्यांना जमिनीवर बसवलं, स्वतःही उकिडवे बसले आणि विचारलं, "आता सांगा पोरींनू, तुमास्नी हितं काय पायजे?"

आम्हाला असं कुणी कधी विचारलंच नव्हतं. शेवटी जिचे दात गेले होते ती लहानगी बोबडं बोलली, "बाहीर कोन चाललंय त्ये दिसाय पायजे." मग दुसरी म्हणाली, न्हाताना बाहेरून कुणी बघू नये. तिसरीला अंधारात संडासला जायची भीती वाटायची. एकीला भांडणं नको असली की एकटीने बसायला एक कोपरा हवा होता. दादा प्रत्येकीचं ऐकून मान हलवत होते. मालकाच्या खोलीला रस्त्याकडे एक खिडकी होती, खिळे ठोकून बंद केलेली. तिचे खिळे त्यांनी काढले आणि ती खाली, बसलेल्या मुलीच्या डोळ्यांपर्यंत आणली. पायरीच्या जागी उतार केला. न्हाणीला आडभिंत घातली. हल्ली मोठमोठे आर्किटेक्ट मला रंगीत चित्रं दाखवतात, अमुक रंगाने मन प्रसन्न राहतं, तमुक झाडाने राहतं. राहत असेल. मी आधी एवढंच विचारते की इथे राहणाऱ्यांना तुम्ही विचारलंत का, आणि हात भरलेली दोन माणसं समोरासमोर आली तर कशी जातील?

मारामाऱ्या थांबल्या असं म्हणणार नाही. साठ मुली होतो आम्ही. पण आता भांडायचं झालं तर उठून, ठरवून जावं लागायचं, आणि तेवढ्या वेळात बहुतेक वेळा राग उतरायचा.

गावी परतायच्या आदल्या दिवशी दादा मला घेऊन दवाखान्यात गेले. चंद्रभागेचा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये होता. तो आखूड राहील, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. घरचे सगळे दुष्काळी कामावर, त्यामुळे तिच्यापाशी कुणी नव्हतं. मी जे पाठ करून गेले होते ते सांगितलं. बोळ पाडला, उतार केला, दादा म्हणतात सगळं त्या बोळानं झालं.

तिने ऐकून घेतलं. "बोळ व्हता, ठावं हाय मला. मी बी त्यातनंच जायची. पन हात कुनाचे व्हते?"

मी तिच्या प्लास्टरकडे बघितलं.

"सांग की. कुनाचे व्हते?"

"माझे."

तिने उशाशी असलेला जर्मन धातूचा पेला फेकून मारला. भुवईवर लागला, रक्त डोळ्यात उतरलं. दादांनी तिला थांबवलं नाही, मला ओढलंही नाही. बाहेर आल्यावर फक्त मुंडाशाच्या सोग्याने माझा डोळा पुसला.

"उद्यापासनं शाळा सुटली की हितं यायचं."

"ती हाकलून दील."

"दिऊ दे. बसायचं."

"पर दादा, तुमीच म्हनला ना, बोळानं झालं म्हनून?"

"म्हनलो. बोळाचं मी बघितलं," ते म्हणाले. "तुझं तुला बघाय पायजे."

मी रोज जाऊ लागले. ती भिंतीकडे तोंड करायची, मी जमिनीवर बसायची. एकदा थुंकली. एकदा शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला म्हणाली, "हीच ती, माझा पाय मोडनारी," आणि सगळा वॉर्ड माझ्याकडे बघत राहिला. असे किती दिवस गेले ते मोजले नाहीत. मग एका दुपारी आयाबाई कुठेतरी गेलेल्या, चंद्रभागा हाका मारून थकली. शेवटी तिने भिंतीकडे बघतच माझं नाव घेतलं.

"सुमे. संडासला जायचंय."

मी तिला पाठीवर घेतलं. प्लास्टरसकट ती खूप जड होती. वॉर्डच्या टोकाला संडास. दार इतकं अरुंद की सरळ शिरता येईना, आणि त्याला दगडी उंबरा, वीतभर आणि वर दोन बोटं. दवाखान्यात असा उंबरा ज्याने घातला तो माणूस कधी मोडका पाय घेऊन तिथवर गेला नसणार. इमारतीतली चूक म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा ओळखलेली गोष्ट ती. मी पाय उचलला, तोल गेला, आणि तिचा प्लास्टरमधला पाय दाराच्या चौकटीवर जोरात आपटला.

ती किंचाळली नाही. तिने माझ्या खांद्यात दात रोवले, पोलक्यातून थेट मांसात. मला तो चावा ओळखीचा होता. मी तसे घेतले होते. मला माहीत होतं की आता ती पूर्ण जोर लावणार आणि लगेच सोडणार नाही. मी हात सोडले असते तर ती फरशीवर पडली असती. मी दोन्ही हातांनी तिच्या मांड्या घट्ट धरल्या आणि एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, अशी उभी राहिले. तिचा श्वास माझ्या मानेवर येत होता, पाठीवरून काहीतरी गरम ओघळत होतं, घाम की रक्त कळेना. बऱ्याच वेळाने तिचा जबडा सैल झाला.

"दुखलं का?" तिने विचारलं.

"लई."

"मंग चल," ती म्हणाली. "लौकर."